मालकाला शहाणे समजणारी यंत्रे

एप्रिल २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड येथे बोनहॅम्स या लिलावसंस्थेने आठ जुन्या मोटरसायकली विकायला काढल्या. आठही ब्रफ सुपिरिअर या कंपनीच्या होत्या. कॉर्नवॉल परगण्यातल्या बॉडमिन मूर या माळरानाच्या परिसरात त्या अर्धे शतक धूळ खात पडल्या होत्या. कुणाचे इंजिन सांगाड्यातून निखळलेले, कुणाचे पत्रे गंजून गेलेले. चालवण्याच्या स्थितीत एकही नव्हती. तरी आठांचे मिळून साडेसात लाख पौंडांहून अधिक आले. त्यातल्या १९३८ सालच्या एकीनेच ३,३१,९०० पौंड मिळवले. हिच्यात ऑस्टिन या छोट्या मोटारीचे चार सिलिंडरचे इंजिन होते आणि मागे शेजारी शेजारी दोन चाके होती.

ही बातमी वाचली तेव्हा मला किमतीपेक्षा एका वेगळ्या गोष्टीचे कुतूहल वाटले. जे यंत्र चालत नाही, त्यात माणसांना नेमके काय दिसते? पहिले महायुद्ध १९१८ मध्ये संपले आणि दुसरे १९३९ मध्ये सुरू झाले. मधल्या एकवीस वर्षांत ब्रिटनमध्ये तयार झालेल्या मोटरसायकलींविषयी जगभर मोठी ओढ आहे. नॉर्टन, वेलोसेट, सनबीम, रज, स्कॉट, डग्लस, ब्रफ ही नावे जाणकार माणूस घराण्यांची नावे घ्यावीत तशी घेतो. या ओढीवर पुस्तके आहेत, क्लब आहेत, संग्रहालये आहेत. पण तिची चिकित्सा फारशी होत नाही. ती गृहीत धरली जाते.

मी अभियंता नाही आणि इंग्रजी वाङ्मयाचा प्राध्यापकही नाही. गेली तीसेक वर्षे या यंत्रांविषयीचा छापील मजकूर मी मिळेल तिथून जमवत आलो आहे. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, बंद पडलेल्या गॅरेजांचे माळे या माझ्या विद्यापीठाच्या शाखा. हा लेख त्या वाचनातून आलेला आहे. यंत्राची समीक्षा करायची तर त्याच्याविषयी लिहिलेल्या मजकुराची समीक्षा करावी लागते, आणि यंत्रालाही एखाद्या मजकुरासारखे वाचावे लागते, अशी माझी धारणा आहे.

तीन रूढ उत्तरे

या आकर्षणाची साधारणपणे तीन कारणे सांगितली जातात. पहिले म्हणजे हाताची कारागिरी. दुसरे, हरवलेल्या सुवर्णकाळाची ओढ. तिसरे, वेग आणि वीरश्री.

कारागिरीचे उत्तर ऐकायला गोड आहे, पण ते टिकत नाही. ज्या ब्रफला मोटरसायकलींमधली रोल्स-रॉइस म्हणत, तिचेच उदाहरण घेऊ. जॉर्ज ब्रफ यांच्या नॉटिंगहॅमच्या कारखान्यात इंजिन तयार होतच नसे. ते लंडनच्या टॉटनहॅम भागातल्या जे. ए. प्रेस्टविच यांच्याकडून, पुढे मॅचलेस कंपनीकडून येई. गिअरबॉक्स स्टर्मी-आर्चरचा. ब्रफ यांची प्रतिभा निवडीत, जुळणीत आणि दिसण्यात होती. बाकीच्या कंपन्यांचे चित्र याहून फार वेगळे नव्हते. बर्मिंगहॅमची बी.एस.ए. ही तर नावाप्रमाणेच बंदुका बनवणारी कंपनी. एकसारखे, अदलाबदल करता येणारे भाग मोठ्या संख्येने काढणे हीच तिची परंपरा. कार्ब्युरेटर अमलचा, मॅग्नेटो ल्यूकसचा, आटे ठरलेल्या ब्रिटिश मापांचे. एका कंपनीच्या गाडीचा सुटा भाग दुसरीला बसावा, एका पान्यांच्या संचात दोन-तीन गाड्यांचे काम व्हावे, इतके हे साधर्म्य होते. म्हणजे या यंत्रांचे बळ त्यांच्या एकमेवपणात नाही. ते त्यांच्यातल्या सामाईक गोष्टींत आहे. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

सुवर्णकाळाचे उत्तरही असेच मागाहून घडवलेले आहे. 'व्हिंटेज मोटरसायकल क्लब' स्थापन झाला १९४६ मध्ये, इंग्लंडमध्ये गिल्डफर्डजवळच्या हॉग्ज बॅक या टेकडीवर. १९३० अखेरपर्यंत तयार झालेली गाडी ती 'व्हिंटेज', ही व्याख्या त्या क्लबाने रूढ केली. तोपर्यंत या गाड्या निव्वळ जुन्या होत्या. प्रत्यक्षात तो काळ धंद्यासाठी सुखाचा नव्हता. १९३० च्या सुमारास ब्रिटनमध्ये सात लाखांच्या आसपास मोटरसायकली नोंदलेल्या होत्या. १९३९ पर्यंत तो आकडा चार लाखांच्या घरात उतरला. १९२२ मध्ये आलेल्या ऑस्टिन सेव्हन या चिमुकल्या मोटारीने साइडकारमधून फिरणारे कुटुंब छपराखाली नेले. मंदीत कंपन्या बुडाल्या किंवा विकल्या गेल्या. वुल्व्हरहॅम्प्टनची ए.जे.एस. १९३१ मध्ये लंडनच्या मॅचलेसने घेतली. लिलावातल्या त्या सर्वांत महाग ब्रफमधले ऑस्टिनचे इंजिन पाहिले की या इतिहासाची गंमत कळते. ज्या मोटारीने मोटरसायकलचे गिऱ्हाईक पळवले, तिचेच इंजिन पोटात घेतलेली मोटरसायकल आज विक्रमी किमतीला जाते.

तिसरे उत्तर वेगाचे. त्याला वाङ्मयाचा आधार आहे, म्हणून त्याकडे स्वतंत्रपणे वळायला हवे. पण त्याआधी ही गाडी प्रत्यक्षात कशी होती ते पाहू.

गाडी सुरू करताना

१९२५ च्या आसपासची ५०० सीसीची, एका सिलिंडरची ब्रिटिश मोटरसायकल डोळ्यांसमोर आणा. पुढे गर्डर फोर्क, मागच्या चाकाला स्प्रिंग नाहीच. स्वाराच्या पाठीची काळजी बसायच्या खोगिराखालच्या दोन स्प्रिंगा घेणार. पेट्रोलची टाकी चपटी, सांगाड्याच्या दोन आडव्या नळ्यांमध्ये बसवलेली. दिवा असला तर बहुधा कार्बाइडचा: डब्यात कार्बाइडचे खडे, वरून थेंब थेंब पाणी, त्यातून निघणारा वायू पेटवायचा. विजेचा दिवा हवा असेल तर वेगळे पैसे.

हँडलवर कळांची दाटी. आजच्यासारखी पिळायची मूठ बऱ्याच गाड्यांना नव्हतीच. पेट्रोल कमी-जास्त करायला एक कळ, हवा कमी-जास्त करायला दुसरी. ठिणगी केव्हा पडावी हे ठरवणारी तिसरी. सिलिंडरमधला दाब सोडण्यासाठी एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उचलून धरणारी चौथी. शिवाय क्लच आणि ब्रेक. गिअरचा दांडा टाकीच्या कडेला, म्हणजे तो बदलायला हँडल सोडायचे. पायाने टाकायचा आणि दर वेळी मूळ जागी परत येणारा गिअर वेलोसेटच्या हॅरल्ड विलिस यांनी विसाच्या दशकाच्या अखेरीस आणला, आणि मग सगळ्या जगाने तो घेतला.

सुरू करण्याचा क्रम असा. पेट्रोलचा नळ उघडा. कार्ब्युरेटरवरची छोटी खिटी दाबून पेट्रोल किंचित झिरपू द्या. हवेची कळ बंद करा. ठिणगी मागे घ्या. विसरलात तर किक उलटी येईल आणि घोटा दुखावेल. व्हॉल्व्ह उचलून धरा, किक मारा, इंजिन फिरू लागले की व्हॉल्व्ह सोडा. चालू लागल्यावरही सुटका नाही. वेग वाढला की ठिणगी पुढे, चढ लागला की मागे. आणि तेल. पूर्वीच्या गाड्यांत टाकीवरचा हातपंप अमुक मैलांनी एकदा दाबायचा; नंतर आपोआप चालणारे पंप आले, तरी काचेच्या लहानशा नळीतून थेंब पडताना दिसत आणि स्वार त्यांचा वेग स्क्रूने ठरवी. हे तेल परत फिरत नसे. इंजिनाला वंगण देऊन ते जळून जाई किंवा रस्त्यावर सांडे. तेल टाकीत परत आणून पुन्हा वापरणारी रचना विसाच्या दशकाच्या शेवटी सरसकट झाली.

यंत्राची अंगे उघडी होती. व्हॉल्व्ह उचलणारे दांडे, त्यांचे रॉकर, स्प्रिंगा हे सारे सिलिंडरच्या डोक्यावर वर-खाली होताना दिसे. तेलाचे शिंतोडे पॅन्टवर उडत. नॉर्टनच्या ५०० सीसी गटातल्या प्रसिद्ध इंजिनाचा पिस्टन ७९ मिलिमीटर रुंद आणि त्याची धाव १०० मिलिमीटर. अशा लांब धावेच्या आणि जड चक्राच्या इंजिनाचा हळू चालतानाचा प्रत्येक ठोका कानांना वेगळा मोजता येतो. डोळे, कान, पाऊल आणि दोन्ही हात सतत कामात. चालवणारा हा यंत्राचाच एक भाग होता, कारण आज यंत्र स्वतः करते ती निम्मी कामे तोच करत असे.

लॉरेन्सचा रस्ता आणि लॉरेन्सची पुस्तिका

या अनुभवाला वाङ्मयात नेले टी. ई. लॉरेन्स यांनी. अरबस्तानातल्या युद्धाने जगप्रसिद्ध झालेला हा माणूस नाव बदलून ब्रिटिश हवाई दलात साधा शिपाई म्हणून राहिला. १९२२ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी एकामागून एक सात ब्रफ वापरल्या. हवाई दलातल्या दिवसांवर त्यांनी लिहिलेल्या 'द मिंट' या पुस्तकात रस्त्यावरचे एक प्रकरण आहे. त्यात ते आपल्या ब्रफवरून एका लढाऊ विमानाशी शर्यत लावतात. या पुस्तकाची स्वच्छ प्रत त्यांनी १९२८ मध्ये कराचीच्या छावणीत तयार केली. कराची तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होती. त्यातली भाषा इतकी उघड होती की पुस्तक प्रसिद्ध झाले ते १९५५ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी.

ते प्रकरण मी अनेकदा वाचले आहे. गद्य म्हणून ते उत्तम आहे. वाक्यांचा वेगच गाडीचा वेग होतो. पण ते वाचताना एक गोष्ट जाणवते. तिथली मोटरसायकल हे जनावर आहे. तिला रक्त आहे, स्वभाव आहे, लहर आहे. घोड्याविषयी लिहिण्याची जी जुनी सरदारी रीत, तीच इथे लोखंडाला लावली आहे. परिणाम असा, की यंत्र गूढ होते. वाचकाला स्वाराचा हेवा वाटतो, यंत्र मात्र कळत नाही. पुढच्या काळातल्या बहुतेक मोटरसायकल-लेखनाने हीच वाट धरली: गाडी म्हणजे प्रेयसी, गाडी म्हणजे वाघीण, गाडी म्हणजे स्वातंत्र्य. वेगाचे आणि वीरश्रीचे उत्तर या परंपरेतून आले.

याच लॉरेन्स यांनी दुसरेही एक लेखन केले आहे, ज्याच्याकडे वाङ्मयाचे अभ्यासक सहसा वळत नाहीत. हवाई दलाच्या वेगवान मोटरबोटींवर ते काम करत होते, तेव्हा १९३२ मध्ये त्यांनी '२०० क्लास' या बोटीची हस्तपुस्तिका लिहिली. बोट कशी हाताळावी आणि कशी नीट ठेवावी, एवढाच तिचा विषय. तिथे लॉरेन्स यांचे 'मी' नाही. वाचणाऱ्या साध्या खलाशाला यंत्र समजावे, त्याच्या हातून ते बिघडू नये, यासाठी प्रत्येक वाक्य राबते. एकाच माणसाने यंत्राकडे पाहण्याच्या दोन्ही रीती लिहून ठेवल्या. वाचकांनी एकच उचलली. माझ्या मते जुन्या मोटरसायकलींच्या आकर्षणाचे खरे उत्तर दुसऱ्या रीतीत आहे.

हस्तपुस्तिका नावाचे वाङ्मय

लंडनच्या पिटमन या प्रकाशनसंस्थेने मोटरसायकलस्वारांसाठी एक पुस्तकमाला काढली होती. एकेका कंपनीच्या गाड्यांवर एकेक लहान पुस्तक, डब्ल्यू. सी. हेक्राफ्ट हे तिचे एक मुख्य लेखक. कंपन्यांच्या स्वतःच्या पुस्तिका वेगळ्या. शिवाय 'द मोटर सायकल' आणि 'मोटर सायकलिंग' ही दोन साप्ताहिके. त्यांच्या रंगांवरून वाचक त्यांना 'निळे' आणि 'हिरवे' म्हणत. 'निळ्या'त 'इक्सियन' या टोपणनावाने बेसिल डेव्हिस हे चर्चचे धर्मोपदेशक वर्षानुवर्षे लिहीत होते. रविवारी प्रवचन आणि एरवी कार्ब्युरेटर, असा त्यांचा संसार.

या मजकुराचा सूर ऐकण्यासारखा आहे. गाडी दीड-दोन हजार मैल चालली की मालकाने हेड उघडावे, पिस्टनवरचा कार्बन खरवडावा, व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासावेत, पॅकिंग बदलावे आणि पुन्हा जोडावे, हे तिथे स्वयंपाकाच्या पुस्तकात डाळ भिजत घालायला सांगावे इतक्या सहजपणे सांगितलेले असते. मॅग्नेटोच्या पॉइंटमधली फट इंचाच्या बारा हजारांश भागाएवढी ठेवा. चेन इतकी ढिली असू द्या. मधे कुठे भीती घातलेली नाही, 'हे तुमचे काम नाही' असा इशारा नाही. एखादी गोष्ट खरोखर अवघड असेल, उदाहरणार्थ मोठ्या टोकाचे बेअरिंग बदलणे, तर ती कारखान्याकडे का पाठवावी याचे कारण दिलेले असते.

हे गृहीतक मला फार महत्त्वाचे वाटते. लेखकाने वाचकाला शहाणे धरले आहे. वाचक कारकून असेल, खाणकामगार असेल, शिक्षक असेल. त्याला हात आहेत, डोके आहे, आणि नीट सांगितले तर तो समजून घेईल, एवढा विश्वास प्रत्येक पानात आहे. आणि तो केवळ पुस्तकाचा नाही, यंत्राचाही आहे. उघडे रॉकर, बाहेरून जाणाऱ्या तेलाच्या नळ्या, हाताला लागणारे बोल्ट, साध्या पान्याने सुटणारे हेड ही सगळी त्याच विश्वासाची रूपे. १९३६ मध्ये आलेल्या विन्सेंट रॅपिडच्या इंजिनाभोवती तेलाच्या इतक्या नळ्या होत्या की लोकांनी तिला नळ दुरुस्त करणाऱ्याला पडलेले भयंकर स्वप्न म्हटले. चेष्टा खरी होती. पण तेल कुठून कुठे जाते हे तिथे बोटाने दाखवता येत असे. यंत्र वाचता येण्याजोगे होते. कारागिरी, सुवर्णकाळ, वेग या तिन्हींपेक्षा ही वाचनीयता मला या आकर्षणाचा गाभा वाटते.

माझ्या संग्रहात नॉर्टनची एक पुस्तिका आहे. युद्धात या कंपनीने '१६ एच' या साध्या साइड-व्हॉल्व्ह गाड्या लाखाच्या आसपास सैन्याला पुरवल्या. मूळ रचना मात्र दोन युद्धांमधल्या काळातली. युद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या अशा गाड्या आपल्याकडेही नागरी हातांत आल्या. माझ्या पुस्तिकेच्या समासांत पेन्सिलीने देवनागरी आकडे लिहिलेले आहेत: तारखा, मैल, टॅपेटची फट, तेल बदलल्याच्या खुणा. इंग्रजी मजकुरातले काही शब्द अधोरेखित करून शेजारी मराठीत अर्थ दिले आहेत. कोण होता हा माणूस, ते पुस्तिका सांगत नाही. त्याची इंग्रजी जेमतेम असावी. तरीही बर्मिंगहॅमच्या लेखकाने धरलेला शहाणा वाचक तो होता, आणि त्याने ते सिद्ध केले होते.

हा वाचक कोण होता?

इथे सावध राहायला हवे, नाहीतर मीही एक नवे मिथक रचून मोकळा होईन. मालकाला हे सगळे करावे लागे याचे पहिले कारण विश्वास नव्हते, गरज होती. त्या काळचे पेट्रोल आणि तेल निकृष्ट, व्हॉल्व्हचे पोलाद कमकुवत, त्यामुळे कार्बन लवकर साचे आणि व्हॉल्व्ह जळत. गॅरेजचा खर्च परवडत नसे. १९२५ मध्ये ब्रफच्या 'एस.एस. १००' या गाडीची किंमत १७० पौंड होती. ती ताशी १०० मैलांचा वेग गाठते, अशी लेखी हमी कंपनी देई. त्याच वर्षी ट्रायम्फची 'मॉडेल पी' ४२ पौंड १७ शिलिंग ६ पेन्सना मिळत होती. कुशल कामगाराला आठवड्याला तीन पौंडांच्या आसपास मिळत. म्हणजे ट्रायम्फसाठी त्याला चौदा-पंधरा आठवडे राबावे लागे आणि ब्रफसाठी वर्षाहून अधिक. 'मॉडेल पी' प्रचंड खपली. तिच्या पहिल्या गाड्यांचे ब्रेक कुप्रसिद्ध होते. तरीही कामगाराला शहराबाहेर नेणारी गाडी तीच, आणि हस्तपुस्तिकेचा वाचक होता तो तिचाच मालक. आजच्या लिलावांत, चकचकीत पुस्तकांत आणि आपल्या स्मृतीत मात्र ब्रफ आहे. ब्रफ एकूण तीन हजारांच्या आसपासच बनल्या. आकर्षणाचा इतिहास लिहिताना आपण राजघराण्याचा इतिहास लिहिला आणि रयत वगळली.

वगळलेल्यांत बायकाही आहेत. ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मैदानावर ताशी १०० मैलांनी फेरी पुरी करणाऱ्यास सोन्याचा तारा मिळे. तीन स्त्रियांनी तो मिळवला: फ्लोरेन्स ब्लेंकिरन, बिअट्रिस शिलिंग आणि थेरेसा वॉलक. शिलिंग या अभियंता. आपली नॉर्टन त्या स्वतः सुधारत. पुढे दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या मर्लिन इंजिनाचा पेट्रोल-पुरवठा विमान खाली झेपावताना खंडित होई. कार्ब्युरेटरमध्ये एक साधी छिद्राची चकती बसवून शिलिंग यांनी त्यावर तोड काढली. ब्लेंकिरन आणि वॉलक यांनी डिसेंबर १९३४ मध्ये लंडन सोडले. पँथर कंपनीची ६०० सीसीची गाडी, तिला साइडकार आणि मागे ट्रेलर. सहारा ओलांडून १९३५ च्या जुलैअखेरीस त्या केपटाउनला पोचल्या. वाटेत इंजिन उघडून त्यांनी ते पुन्हा बांधले. वॉलक यांचा हा प्रवासवृत्तान्त पुस्तकरूपाने आला २००१ मध्ये. यंत्र वाचता येत असेल तर ते कोण वाचते आहे, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. माणसांना असते.

आकर्षणाची किंमत

या गोष्टीची दुसरी बाजू रक्ताची आहे. १९३४ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली. त्यांत मोटरसायकलस्वार मोठ्या संख्येने होते. पुढच्याच वर्षी १३ मे रोजी डॉर्सेटमधल्या आपल्या घराजवळ लॉरेन्स दोन सायकलवाल्या मुलांना चुकवताना ब्रफवरून फेकले गेले आणि १९ मेला वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केअर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. केअर्न्स यांनी पुढे मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास करून १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष मांडले. हेल्मेट जीव वाचवते हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. ब्रिटनमध्ये सर्वांना हेल्मेटची सक्ती झाली १९७३ मध्ये. यंत्राचा विश्वास हाताच्या कौशल्यावर होता, पण कौशल्याला मर्यादा असतात हे यंत्राने स्वाराला सांगितले नव्हते. वीरश्रीच्या गद्याने तर ते झाकूनच ठेवले.

दुसरी किंमत उद्योगाने मोजली. मालक स्वतः हात काळे करील, या गृहीतकाची कारखान्यांना सवय जडली. तेल गळते? मालक पॅकिंग बदलेल. बोल्ट सैल होतात? मालक आवळेल. १९५९ मध्ये होंडा पहिल्यांदा आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत उतरली. १९६१ मध्ये तिने तिथे दोन गट जिंकले. जपानी गाडी बटणाने सुरू होई, तेल गाळत नसे आणि मालकाकडून काही मागत नसे. नव्या गिऱ्हाइकाला तेच हवे होते. बी.एस.ए. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला कोसळली. जे गृहीतक एकेकाळी आदर होते, ते आळसाला निमित्त झाले. ज्या गुणाने या गाड्या आपल्याला ओढतात, त्याच गुणाच्या अतिरेकाने त्यांचा वंश खुंटला. आकर्षणाविषयी लिहिणाऱ्या बहुतेकांना हे दोन धागे वेगळे ठेवायचे असतात. मला ते एकच वाटतात.

बुलेट आणि आपण

वंश अगदी खुंटला असेही नाही. एक फांदी आपल्या दारात वाढली. रेडिचच्या रॉयल एनफील्ड कंपनीने 'बुलेट' हे नाव १९३२ मध्ये प्रथम वापरले. युद्धानंतरच्या सुधारित बुलेटचे उत्पादन १९५५ पासून मद्रासमध्ये रुजले. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला. मद्रासची बुलेट त्याच जुन्या बांध्याने पुढे चाळीस वर्षे निघत राहिली. त्यामुळे चाळिशीपुढच्या मराठी वाचकाला वर सांगितलेला गाडी सुरू करण्याचा क्रम परका वाटला नसेल. डिकॉम्प्रेशनची कळ दाबून किक हळूच खाली न्यायची, अँपिअरमीटरचा काटा मधोमध येऊ द्यायचा, कळ सोडायची, किक पुन्हा वर घ्यायची आणि मग सबंध वजनाने मारायची. काटा मध्ये येतो कारण पॉइंट उघडतात आणि विजेचा प्रवाह थांबतो. म्हणजे पिस्टन माथा ओलांडण्याच्या बेतात आहे. ज्याने हे एकदा समजून घेतले, त्याला इंजिनाच्या आत न डोकावता आत काय चालले आहे ते कळले. आपल्याकडच्या किती मेस्त्र्यांचे आणि किती मालकांचे यंत्रशिक्षण या काट्यापासून सुरू झाले असेल! शाळेने ज्यांना काढून टाकले, अशांनाही तो काटा वाचता येत होता.

आज नवी दुचाकी विकत घेतली की पुस्तिका मिळते. जाड असते. तिच्यात इशारे पुष्कळ असतात आणि जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर 'अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा' हे असते. गाडी उत्तम चालते, धूर कमी सोडते, ब्रेक जीव वाचवतात. या सुधारणा मला परत द्यायच्या नाहीत. पण या व्यवहारात मालक हा फक्त वापरणारा झाला आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा तयार करण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने हे तिचे विषय. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी जी गोष्ट चाळीस-पंचेचाळीस पौंडांच्या ट्रायम्फसोबत आपोआप मिळत होती, ती आता हक्क म्हणून मागावी लागते आहे. या मागणीच्या उजेडात जुन्या गाड्यांची ओढ निव्वळ हळवेपणा राहत नाही.

म्हणूनच लिलावातल्या गंजाविषयी माझी तक्रार आहे. कुलूपबंद दालनात ठेवलेली, कधीच न उघडली जाणारी, किमतीच्या ओझ्याने मुकी झालेली मोटरसायकल ही लॉरेन्स यांच्या गूढ जनावरासारखीच आहे: पाहावी, भारावून जावे, कळू मात्र नये. आपल्याकडेही जुन्या गाड्यांचे संग्रह वाढत आहेत. रंग, निकेल आणि मूळ नंबरपाटी यांवर खर्च होतो. माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गाडीसोबत तिची पुस्तिका ठेवा, ती मराठीत करा, आणि वर्षातून एकदा तरी कोवळ्या मुला-मुलींसमोर तिचे हेड उघडा. कार्बन कसा दिसतो, व्हॉल्व्ह कसा बसतो, ठिणगी केव्हा पडते हे त्यांच्या हातांना कळू द्या. सगळ्यांनी मेस्त्री व्हावे असे नाही. पण जे यंत्र आपल्याला वाहून नेते ते आपल्याला समजू शकते, हा विश्वास एका पिढीने दुसरीला द्यायला हवा. त्यासाठी ब्रफ लागत नाही. गळके, ठोकळेबाज, साइड-व्हॉल्व्हचे कुठलेही धूड चालेल.